विश्लेषण : चुकीला माफी, बेशिस्तीला बाहेरचा रस्ता... आर्सेनल घडवणाऱ्या हर्बर्ट चॅपमन यांची शिस्त नेमकी कशी होती?

नवा हेड कोच आला, की पहिल्या आठवड्यातल्या बातम्या साधारण ठरलेल्या असतात. सरावाला उशिरा येणाऱ्याला दंड, जेवणाच्या टेबलावर मोबाइलला बंदी, एखाद्या बड्या खेळाडूला बाकावर बसवून बाकीच्यांना दिलेला इशारा. चाहते खूश होतात, महिना-दोन महिने निकालही बरे लागतात आणि मग अनेकदा गाडी पुन्हा जुन्याच रुळावर येते. नियम करणे सोपे असते. कोणत्या गोष्टीसाठी कोण जबाबदार, हे ठरवणे अवघड असते. इंग्लिश फुटबॉलमध्ये हे काम शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी सर्वांत आधी नेटाने केले, त्यांत हर्बर्ट चॅपमन यांचे नाव पहिले घेतले जाते. हडर्सफील्ड टाउन आणि आर्सेनल या दोन क्लबांना त्यांनी इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवून दिले. विशेष म्हणजे, खेळाडूंकडून हिशेब मागणाऱ्या या माणसावर त्याआधी फुटबॉलमधून आजीवन बंदी घालण्यात आली होती.

एका पराभवानंतर खेळाडूला मैदानबंदी का?

तारीख १४ जानेवारी १९३३. एफए कपच्या तिसऱ्या फेरीत आर्सेनलची गाठ वॉल्सॉलशी होती. आर्सेनल तेव्हा पहिल्या श्रेणीत अव्वल, देशातल्या सर्वाधिक चर्चेतल्या क्लबांपैकी एक. वॉल्सॉल तिसऱ्या श्रेणीतला, बर्मिंगहॅमजवळच्या औद्योगिक गावाचा संघ. आजारपण आणि दुखापतींमुळे आर्सेनलचे काही नेहमीचे खेळाडू उपलब्ध नव्हते. चॅपमन यांनी चार राखीव खेळाडूंना संधी दिली.

मैदान छोटे, प्रेक्षक रेषेला खेटून उभे आणि वॉल्सॉलचे खेळाडू अंगावर धावून येणारे. गिल्बर्ट अल्सॉपने वॉल्सॉलचा पहिला गोल केला. थोड्याच वेळात आर्सेनलचा बचावपटू टॉमी ब्लॅक याने पेनल्टी क्षेत्रातच अल्सॉपला आडवे केले. चेंडूसाठी झालेली ती झटापट नव्हती, डोके फिरल्यावर काढलेला तो राग होता. पेनल्टी मिळाली, दुसरा गोल झाला आणि आर्सेनल ०-२ असे हरले. एफए कपच्या इतिहासातील सर्वांत धक्कादायक निकालांच्या यादीत हा सामना आजही असतो.

ब्लॅकला पुन्हा हायबरी या आर्सेनलच्या मैदानात येण्यास मनाई करण्यात आली. आठवडाभरात त्याला प्लिमथ अर्गाइलला विकून टाकण्यात आले. त्या सामन्यात आघाडीला खेळलेला चार्ली वॉल्शही त्याच महिन्यात ब्रेंटफर्डला गेला. क्लबमधल्या प्रत्येकाला जो संदेश जायचा तो गेला. आर्सेनलने त्या मोसमात लीगचे अजिंक्यपद जिंकले.

आता याच्या शेजारी दुसरा सामना ठेवून पाहू. १९२७ चा एफए कपचा अंतिम सामना, आर्सेनलविरुद्ध कार्डिफ सिटी. आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुईस याच्या हातात आलेला साधा फटका निसटला, काखेखालून सरकला आणि गोलरेषेपार गेला. कार्डिफ १-० ने जिंकले. लुईस मूळचा वेल्सचा आणि कार्डिफही वेल्सचे, त्यामुळे कुजबुज करणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले. तो कप हातातून गेल्यामुळे झालेले नुकसान वॉल्सॉलच्या पराभवापेक्षा कितीतरी मोठे होते. पण लुईसला कुणी हायबरीचे दार बंद केले नाही. तो नंतरही काही वर्षे आर्सेनलच्या गोलमध्ये उभा राहिला.

चॅपमन यांच्या शिस्तीची किल्ली या दोन सामन्यांच्या फरकात आहे. हात निसटणे आणि हात उचलणे या त्यांच्या लेखी वेगळ्या गोष्टी होत्या.

खाणीच्या गावातला इंजिनीअर फुटबॉलमध्ये कसा आला?

चॅपमन यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी यॉर्कशायरमधील किव्हटन पार्क या कोळशाच्या खाणींच्या गावात झाला. वडील खाणकामगार. अशा घरातल्या मुलाने वयात आल्यावर खाणीत उतरायचे, हा त्या काळचा रिवाज. हर्बर्ट मात्र शेफील्डमध्ये खाण अभियांत्रिकी शिकले. त्यांचे भाऊ हॅरी हे शेफील्ड वेन्सडेचे नावाजलेले खेळाडू होते. हर्बर्ट तितके गुणी नव्हते. या क्लबातून त्या क्लबात फिरत राहिले, बराच काळ हौशी खेळाडू म्हणून. टॉटनहॅमकडून खेळताना ते पिवळसर रंगाचे बूट घालत, एवढीच त्यांची ठळक आठवण प्रेक्षकांकडे उरली.

१९०७ मध्ये नॉर्दम्प्टन टाउनने त्यांना खेळाडू आणि मॅनेजर अशी दुहेरी जबाबदारी दिली. संघ सदर्न लीगमध्ये तळाशी होता. तेव्हा डावपेच असे फार नसत. अकरा जण मैदानात उतरत आणि ज्याला जसे सुचेल तसे खेळत. चॅपमन यांनी प्रत्येकाचे काम ठरवून दिले. १९०९ मध्ये नॉर्दम्प्टन सदर्न लीगचे विजेते झाले. १९१२ मध्ये ते लीड्स सिटीत गेले आणि दुसऱ्या श्रेणीत धडपडणारा तो संघही दोन मोसमांत चौथ्या क्रमांकावर आला. मग महायुद्ध सुरू झाले.

आजीवन बंदी कशामुळे आली?

युद्धाच्या काळात खेळाडू जिथे नेमणुकीवर असतील तिथल्या क्लबकडून पाहुणे म्हणून खेळत. त्यांना पैसे द्यायचे नाहीत, असा नियम होता. लीड्स सिटी पैसे देत असल्याचा आरोप युद्धानंतर क्लबच्याच एका माजी खेळाडूने केला. चौकशी आयोगाने हिशेबाची कागदपत्रे मागितली. क्लबने ती दिली नाहीत.

शिक्षा जबर होती. ऑक्टोबर १९१९ मध्ये, मोसमाचे आठ सामने झालेले असताना, लीड्स सिटीला लीगमधून काढून टाकण्यात आले. शहरातल्या एका हॉटेलात खेळाडूंचा चक्क लिलाव झाला. चॅपमन यांच्यासह क्लबच्या अनेक पदाधिकाऱ्यांवर आजीवन बंदी आली. त्याआधीच, डिसेंबर १९१८ मध्ये, त्यांनी राजीनामा दिलेला होता. ते सेल्बी या गावात एका कारखान्यात नोकरी करत होते. पुढे तीही गेली.

बंदी उठली ती हडर्सफील्ड टाउनमुळे. चॅपमन यांना घेण्यासाठी या क्लबने त्यांच्या वतीने दाद मागितली. युद्धकाळात ते लीड्सजवळच्या बार्नबो इथल्या दारूगोळा कारखान्याचे व्यवस्थापन पाहत होते, क्लबचा रोजचा कारभार त्यांच्या हाती नव्हता, हा बचाव ग्राह्य धरला गेला. १९२१ च्या सुरुवातीला ते हडर्सफील्डमध्ये दाखल झाले आणि काही आठवड्यांत मॅनेजर झाले.

ते खरोखर अनभिज्ञ होते का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. ज्या कागदपत्रांवरून ते ठरले असते ती आयोगासमोर आलीच नाहीत. क्लब बुडाला, खेळाडू विकले गेले आणि नेमके कोणी काय केले हे धूसर राहिले. जबाबदारी कागदावर स्पष्ट नसेल तर काय होते, याचा याहून महागडा अनुभव एखाद्या मॅनेजरला क्वचितच आला असेल.

हडर्सफील्डमध्ये त्यांनी काय बदलले?

हे रग्बीवेडे गाव. फुटबॉल क्लबची अवस्था इतकी बिकट होती, की १९१९ मध्ये तो लीड्सला हलवण्याची भाषा झाली होती. चॅपमन यांनी अॅस्टन व्हिलाकडून क्लेम स्टीफन्सन हा तिशीतला, अनेकांच्या मते उतरणीला लागलेला खेळाडू आणला आणि त्याच्याभोवती संघ बांधला. १९२२ मध्ये एफए कप आला. १९२३-२४ आणि १९२४-२५ असे सलग दोन मोसम लीगचे विजेतेपदही आले. दुसऱ्या मोसमात तर एकाही सामन्यात संघाने दोनपेक्षा जास्त गोल खाल्ले नाहीत.

यामागे एक साधी व्यवस्था होती. क्लबचा राखीव संघ आणि तिसरा संघ मुख्य संघासारखाच खेळायचा. वरच्या संघातला कोणी जखमी झाला, तर खालून येणाऱ्याला आपले काम आधीच ठाऊक असे. आता शिस्तीच्या अंगाने याचा विचार करा. ज्या संघात एका खेळाडूवाचून सगळे अडते, तिथे मॅनेजर त्या खेळाडूला बोलूच शकत नाही. दंड, ताकीद, संघाबाहेर काढणे ही सगळी हत्यारे त्याच्या जागी दुसरा तयार असेल तरच चालतात. चॅपमन यांनी आधी पर्याय उभे केले, मग कडक झाले. पहिल्याच आठवड्यात बडगा उगारणारे अनेक नवे प्रशिक्षक नेमके इथेच घसरतात.

आर्सेनलमधली सुरुवात कशी झाली?

१९२५ मध्ये आर्सेनलचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी मॅनेजर हवा अशी जाहिरात दिली. अवाच्या सवा ट्रान्सफर फी मोजून संघ बांधणाऱ्यांनी अर्ज करू नये, असा त्यातल्या एका अटीचा आशय होता. चॅपमन वर्षाला २००० पौंड पगारावर आले आणि पुढच्या काही वर्षांत ही अट पार धुळीला मिळाली. सुरुवात संडरलंडच्या चार्ली बकनपासून झाली. त्याच्यासाठी २००० पौंड रोख आणि पहिल्या मोसमात तो करील त्या प्रत्येक गोलमागे १०० पौंड असा करार झाला. बकनने २१ गोल केले. हिशेब वाचकांनीच करावा.

त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू हवेत, हा आकडा दोनवर आला. लीगभर गोलांचा पाऊस सुरू झाला. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी आर्सेनल न्यूकॅसलमध्ये ०-७ असे हरले.

बकन तेव्हा कर्णधार होता आणि संतापलेला होता. मधल्या फळीतल्या सेंटर-हाफला मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभे करावे, हा आग्रह त्याने पुन्हा धरला. चॅपमन यांनी तो मान्य केला. मागे गेल्याने मधल्या फळीत पडलेली पोकळी भरून काढायला आघाडीतला एक खेळाडू खाली आणला. पुढच्याच सामन्यात आर्सेनलने वेस्ट हॅमला ४-० ने हरवले. यातूनच पुढे डब्ल्यू-एम रचना आकाराला आली आणि ती पुढची दोन-अडीच दशके जगभर वापरली गेली.

डब्ल्यू-एमबद्दल डावपेच म्हणून भरपूर लिहिले गेले आहे. तिचा दुसरा परिणाम कमी सांगितला जातो. या रचनेत प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या खेळाडूवर कोणी नजर ठेवायची, हे ठरलेले असते. गोल झाला, की कोणाची जागा रिकामी होती हे ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला कळते. ओरडण्याची गरजच उरत नाही.

आणि हे एकतर्फी नव्हते. दर आठवड्याला खेळाडूंची बैठक होई. मैदानासारखे आखलेले टेबल मध्ये असे, त्यावर चाली मांडल्या जात आणि प्रत्येकाने बोलावे अशी अपेक्षा असे. मॅनेजरच्या मताविरुद्ध मत मांडण्याची ती अधिकृत जागा होती. मैदानावर मात्र ठरलेलेच करायचे.

मग प्रशिक्षकालाच का काढले?

फेब्रुवारी १९२७ मध्ये पोर्ट व्हेलविरुद्धच्या एफए कप सामन्यात संघाचे ट्रेनर जॉर्ज हार्डी यांनी रेषेवरून एका खेळाडूला जागा बदलण्याची सूचना ओरडून दिली. हार्डी हे अनुभवी गृहस्थ, चॅपमन यांच्या आधीपासून क्लबमध्ये. सूचना कदाचित योग्यही असेल. पण डावपेच ठरवणे हे ट्रेनरचे काम नव्हते. हार्डी यांना पहिल्या संघावरून हटवण्यात आले आणि ते लवकरच टॉटनहॅमला गेले.

त्यांच्या जागी टॉम व्हिटेकर आले. गुडघ्याच्या दुखापतीने खेळणे सुटलेला हा तरुण पुढे त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या ट्रेनरपैकी एक ठरला. दुखापतीवरील उपचारांची अद्ययावत साधने चॅपमन यांनी त्यांना मिळवून दिली. म्हणजे खेळाडूने तंदुरुस्त राहावे अशी मागणी करताना त्यासाठी लागणारा खर्चही क्लबने केला.

हार्डी प्रकरण आज वाचताना कठोर वाटते, आणि ते होतेही. मात्र तेव्हाची पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. त्या काळात बहुतेक क्लबांत संघनिवड संचालक मंडळ करत असे. हरल्यावर संचालक मॅनेजरकडे, मॅनेजर ट्रेनरकडे आणि ट्रेनर खेळाडूंकडे बोट दाखवत. चॅपमन यांनी निवडीचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि त्यात वाटेकरी ठेवले नाहीत. योगायोग असा, की त्याच वर्षी अध्यक्ष नॉरिस यांच्यावर क्लबचा पैसा खासगी कामांसाठी वापरल्याचा ठपका ठेवण्यात आला आणि त्यांना फुटबॉलमधून बाहेर पडावे लागले. त्यानंतर आर्सेनलमध्ये चॅपमन यांच्या शब्दावर कोणाचा शब्द उरला नाही.

नियम सर्वांना सारखे होते का?

नाही. इथे अॅलेक्स जेम्सची गोष्ट येते.

गुडघ्यापर्यंत लोंबणारी ढगळ चड्डी घालणारा हा बुटका स्कॉटिश खेळाडू १९२९ मध्ये प्रेस्टनकडून ८७५० पौंडांना आला. मैदानावर तो संघाचा मेंदू होता, मैदानाबाहेर डोकेदुखी. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला आठवड्याला ८ पौंडांची कमाल मर्यादा होती. कितीही मोठा खेळाडू असो, त्यापुढे एक पै देता येत नसे. जेम्सला अधिक हवे होते. त्याला लंडनच्या सेल्फरिजेस या बड्या दुकानात वर्षाला २५० पौंडांची नोकरी मिळाली. लीगने चौकशी केली, पण नियम मोडल्याचे दिसले नाही. लीड्सचे प्रकरण भोगलेल्या चॅपमन यांना आता कायद्याची रेघ कुठे आहे, हे पक्के ठाऊक झाले होते.

सामन्याच्या दिवशी इतर खेळाडू सकाळी आवरून तयार होत, तेव्हा जेम्सला उशिरापर्यंत झोपण्याची मुभा होती. १९३१ च्या उन्हाळ्यात त्याने नव्या करारावर सही करायला नकार दिला, तेव्हा मात्र चॅपमन यांनी वेगळीच युक्ती केली. आर्सेनलच्या इतिहासात ही हकिकत आवर्जून सांगितली जाते : क्लबच्या खर्चाने सागरी सहल ठरल्याचे जेम्सला सांगण्यात आले. तो बंदरावर पोहोचला तर समोर मालवाहू जहाज उभे, फ्रान्सच्या बोर्दोकडे निघालेले. सहलीहून परतल्यावर जेम्सने सही केली.

ब्लॅकला हायबरीची दारे बंद आणि जेम्सला सागरी सहल, ही विषमता नजरेआड करता येत नाही. ब्लॅक राखीव खेळाडू होता, त्याला विकून संघाचे काही बिघडणार नव्हते. शिवाय त्या दिवशी चार राखीव खेळाडूंना एकदम उतरवण्याचा निर्णय कोणाचा होता? चॅपमन यांचाच. पराभवाची किंमत मोजली ती मात्र खेळाडूंनी. चॅपमन यांच्या बाजूने इतकेच म्हणता येईल, की जेम्सने कटकट केली ती ऑफिसात. मैदानावर तो ठरलेले काम करत राहिला, आणि त्यासाठी गोल करण्याची आपली जुनी सवय त्याने सोडली होती. प्रेस्टनमध्ये धडाधड गोल करणारा हा खेळाडू आर्सेनलमध्ये इतरांना पास पुरवणारा झाला.

खेळाडू घेतानाच ही पारख सुरू होई. डावा बचावपटू एडी हॅपगूड याला केटरिंगहून आणताना चॅपमन यांनी आधी चौकशी केली ती तो दारू-सिगारेट घेतो का याची. हॅपगूड पुढे आर्सेनलचा आणि इंग्लंडचा कर्णधार झाला.

फळ किती वर्षांनी मिळाले?

पाच. आजच्या काळात हा आकडा विशेष महत्त्वाचा. पहिल्या मोसमात आर्सेनल दुसरे आले, पण नंतरची चार वर्षे लीगमध्ये मधल्या क्रमांकांवर घुटमळत राहिले. पहिली ट्रॉफी १९३० च्या एफए कपची. अंतिम सामना होता तो हडर्सफील्डशीच. दोन्ही संघ चॅपमन यांच्या सन्मानार्थ एकमेकांच्या शेजारून चालत वेम्बलीत उतरले. आर्सेनल २-० ने जिंकले. १९३०-३१ मध्ये ६६ गुणांच्या विक्रमासह लीगही आली. दक्षिण इंग्लंडमधल्या क्लबने हे अजिंक्यपद पटकावण्याची ती पहिलीच वेळ. १९३२-३३ मध्ये दुसरे अजिंक्यपद आले.

जर्सीवर क्रमांक, प्रकाशझोतात सामने, पांढरा चेंडू अशा गोष्टींसाठीही ते धडपडले. हायबरीजवळच्या भुयारी रेल्वेच्या गिलेस्पी रोड स्टेशनचे नाव १९३२ मध्ये आर्सेनल असे करून घेतले, तेही त्यांनीच. रात्री जागून प्रीमियर लीग पाहणाऱ्या अनेकांना ते एवढ्यापुरतेच माहीत असतात.

अखेर कशी झाली?

१९३४ चे नवे वर्ष उजाडले तेव्हा आर्सेनल पुन्हा अव्वल होते. चॅपमन १ जानेवारीला बरी येथे एक सामना पाहायला गेले. दुसऱ्या दिवशी शेफील्डला, कारण येत्या शनिवारी हायबरीवर शेफील्ड वेन्सडेशी सामना होता आणि त्यांचा खेळ त्यांना पाहायचा होता. थंडीने सर्दी जडली. डॉक्टरांनी घरी राहायला सांगितले. पण गिल्डफर्डला आर्सेनलच्या तिसऱ्या संघाचा सामना होता आणि तो पाहायचे त्यांनी ठरवलेले होते. ते गेले. सर्दीचा न्यूमोनिया झाला आणि ६ जानेवारीच्या पहाटे हेंडन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वय ५५.

तो शनिवार होता. काही खेळाडूंना ही बातमी हायबरीकडे येताना वर्तमानपत्रांच्या फलकांवरून कळली. सामना रद्द झाला नाही. शेफील्ड वेन्सडेविरुद्ध तो १-१ असा बरोबरीत सुटला. राखीव संघ सांभाळणारे जो शॉ यांच्याकडे मुख्य संघ सोपवण्यात आला आणि मोसमाअखेर आर्सेनलने अजिंक्यपद राखले. पुढच्या वर्षी सलग तिसऱ्यांदा ते जिंकले. चॅपमन यांच्या हडर्सफील्डनेही तसेच केले होते : सलग तिसरे अजिंक्यपद त्यांना १९२६ मध्ये मिळाले, चॅपमन क्लब सोडून गेल्यानंतर. टॉमी ब्लॅक तेव्हा प्लिमथमध्ये होता आणि पुढेही काही वर्षे तिथेच खेळत राहिला.